मोकळ्या हातांचा इतिहास



कानाला अडकवायचा बिनतारी हेडसेट फक्त मोबाइलचाच, असं आपण धरून चालतो. पण तो घरच्या लँडलाइनलाही जोडता येतो. त्याबद्दल दोन शब्द लिहावेत म्हणून वाचायला बसले, तर या वस्तूचा इतिहास थेट बायकांच्या कामापाशी जाऊन पोहोचला.

टेलिफोनचं पेटंट ग्रॅहम बेलला १८७६ साली मिळालं. सुरुवातीला एक्स्चेंजमध्ये पोरगी मुलं ठेवली होती, पण ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलत. म्हणून १८७८ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात एमा नट ही पहिली महिला ऑपरेटर कामाला लागली. पुढे हे काम बायकांचंच झालं. समोर भोकाभोकांचा भलामोठा बोर्ड असायचा. एका गिऱ्हाइकाच्या भोकातली वायर दुसऱ्याच्या भोकात खोचायची, नंबर टिपायचा आणि तोंडाने बोलतही राहायचं. त्यासाठी दोन्ही हात लागत, मग कानाशी रिसीव्हर धरणार कोण? १८८० च्या दशकात यावर उपाय निघाला, तो खांद्यावर ठेवायचा सांगाडा होता आणि चांगलाच जड होता! दिवसभर तो वागवणाऱ्या त्या मुलींच्या मानेचं काय होत असेल, हे कडेवर पोर घेऊन पोळ्या लाटलेल्या बाईला सांगायला नको.

डोक्यावर घालायचा हलका आणि चांगला हेडफोन नॅथॅनिएल बाल्डविन यांनी युटामध्ये तयार केला. १९१० च्या सुमारास त्यांनी तो अमेरिकन नौदलाला पुरवला. सुरुवातीचे नग त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून बनवले होते, हे वाचून मला फार गंमत वाटली. पुढे १९६१ मध्ये दोन वैमानिकांनी प्लँट्रॉनिक्स नावाची कंपनी काढून वजनाने अगदी कमी असे हेडसेट आणले. १९६९ मध्ये चंद्रावरून नील आर्मस्ट्राँगचे शब्द पृथ्वीवर आले, तेही याच कंपनीच्या हेडसेटमधून. ऑपरेटर, सैनिक, वैमानिक, अंतराळवीर अशा सगळ्यांचे हात मोकळे झाले. घरात कणकेने भरलेल्या हातांचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला.

आपल्याकडे मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झालं. डोंगराळ भागात फोन यायला मात्र खूप काळ गेला. माझं सासर जव्हारचं. १९४८ पर्यंत हे मुकणे राजांचं संस्थान होतं, मग ठाणे जिल्ह्यात आलं आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. सासूबाई सांगतात, पूर्वी मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून वाट बघत बसावं लागे. कधी स्वयंपाक उरकायचा, पण कॉल लागायचा नाही.

हे चित्र बदललं ते सी-डॉटमुळे. ही सरकारी संस्था १९८४ मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने उभी राहिली. आपल्या खेड्यांतली धूळ आणि ऊन सोसेल आणि ज्याला वातानुकूलित खोली लागणार नाही, असं छोटं एक्स्चेंज तिने बनवलं. त्यातलं १२८ लाइनींचं पहिलं एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं. राणी चन्नम्मांचं गाव ते! पुढे अशी एक्स्चेंजं देशभर पसरली.

तुम्ही म्हणाल, आता मोबाइल असताना लँडलाइन कशाला? त्याचं उत्तर दाभोशाला गेलं की मिळतं. जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर हे गाव आहे. तिथे लेंडी नदी सुमारे तीनशे फूट खाली दरीत कोसळते. अशा दऱ्याखोऱ्यांत मोबाइलच्या लहरींना डोंगर आडवा येतो. तांब्याची तार मात्र डोंगराला वळसा घालून येते. तिकडचे आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक रेंज मिळेल अशा चढावर येऊन लँडलाइनवरच फोन करतात, कारण तो नंबर त्यांना पाठ आहे. कधी किराण्याची यादी असते, तर कधी बाळंतिणीसाठी गाडीची व्यवस्था होईल का, अशी विचारणा असते. आपला हात कणकेत आहे म्हणून फोन वाजून थांबला, तर त्या माणसाची एवढी चढण वाया गेली. आमच्या घरात हेडसेट आला तो यासाठी.

जोडणी सोपी आहे. फोन आणि रिसीव्हर यांच्यामध्ये जी गुंडाळी वायर असते, ती फोनच्या बाजूने काढायची, तिथे हेडसेटचा छोटा डबा जोडायचा आणि रिसीव्हरची वायर त्या डब्यात खोचायची. डबा आणि हेडसेट यांच्यात बहुतेक वेळा डेक्ट नावाच्या पद्धतीने बोलणं होतं. तो आवाज घरभर पोचतो, साध्या ब्लूटूथसारखा एका खोलीपुरता राहत नाही. मात्र रिसीव्हर जागेवरून उचलल्याशिवाय फोन चालू होत नाही. त्यासाठी रिसीव्हर आपोआप वर उचलणारी एक पट्टी मिळते. ती बसवली की कानाजवळचं बटण दाबायचं, झालं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. तांब्याच्या लाइनीला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटरीतून येते, साधारण ४८ व्होल्ट. म्हणून घरची वीज गेली तरी साधा फोन वाजतो. (आपलं सामायिकही ४८ मिनिटांचं, मला हा आकडा लगेच पाठ झाला!) हेडसेटचा डबा मात्र घरच्या विजेवर चालतो. फायबरची लाइन घेतली असेल, तर तिचं यंत्रही घरच्याच विजेवर. जव्हारच्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून तांब्याची लाइन असेल तर साधा फोन मोडीत काढू नका, आणि फायबर असेल तर यंत्राला बॅटरीचा आधार द्या.

आणि हात मोकळे झाले म्हणून मनही दुसरीकडे नेऊ नये. भाजी निवडताना बोलणं चालतं, पण पलीकडे कुणी दुःख सांगत असेल तर निवडणंही थांबवावं. सामायिकाला बसताना तर हेडसेट कानातून काढून, बंद करूनच ठेवावा.

संवत्सरीला मात्र त्याचा खरा उपयोग होतो. त्या दिवशी फोन खणखणतच असतो. सासूबाईंची मान आखडते, रिसीव्हर फार वेळ धरवत नाही. वर्षभर ज्यांच्याशी बोलणं तुटलेलं असतं, तेही त्या दिवशी फोन करतात. गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या जावेचा फोन आला. दोघींमध्ये जमिनीवरून जुना अबोला होता. सासूबाईंच्या कानाला हेडसेट होता. ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना त्यांनी दोन्ही हात जोडले. पलीकडून ते दिसणार नव्हतं, तरी जोडले.