दुर्मिळ शस्त्र कोणते?

जुन्या वस्तूंच्या बाजारात 'दुर्मिळ' या शब्दाइतका स्वस्त झालेला शब्द दुसरा क्वचितच असेल. जे जुने ते दुर्मिळ, जे महाग ते दुर्मिळ, जे थोडे निघाले ते दुर्मिळ, अशा समजुती रूढ आहेत. शस्त्रे यंत्रांवर लाखांनी निघू लागल्यानंतरच्या काळात या समजुती कितपत टिकतात, हे एका उदाहरणावरून पाहण्यासारखे आहे.

१९३८ साली अमेरिकेच्या काँग्रेसने 'शैक्षणिक मागणी'चा कायदा संमत केला. युद्ध ओढवल्यास शांततेच्या काळातील कारखान्यांना शस्त्रे घडविता यावीत, यासाठी त्यांना आधीच थोडे काम देऊन शिकवावे, हा त्यामागील हेतू होता. या योजनेखाली १९४० साली सिंगर कंपनीकडे 'एम १९११ए१' जातीची ५०० पिस्तुले बनविण्याचे काम आले. शिवणयंत्रांमुळे आपल्याकडेही घरोघर नाव पोहोचलेली कंपनी ती हीच. या पिस्तुलाची मूळ रचना जॉन ब्राउनिंग यांची. न्यू जर्सीतील एलिझाबेथ येथील कारखान्याने १९४१ च्या अखेरीपर्यंत हे काम पुरे केले. त्या पिस्तुलांचे अनुक्रमांक एस ८००००१ ते एस ८००५०० असे आहेत. काम उत्तम झाले. परंतु अशा कुशल कारागिरांचा उपयोग विमानविरोधी तोफांचा नेम साधणाऱ्या उपकरणांसाठी करणे अधिक श्रेयस्कर, असे ठरले, आणि पिस्तुलांची सामग्री इतर कारखान्यांकडे गेली. टंकलेखनयंत्रे बनविणाऱ्या रेमिंग्टन रँडने पुढे याच जातीची साडेआठ लाखांहून अधिक पिस्तुले काढली. रेल्वेचे सिग्नल बनविणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने ५५,००० काढली. सिंगरची मात्र पाचशेच राहिली.

येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, ही पिस्तुले थोडी राहावीत अशी कोणाची इच्छा नव्हती. याउलट विंचेस्टर कंपनीने १९६८ साली 'बफेलो बिल' यांच्या नावाने काढलेल्या स्मारक-रायफली पाहाव्या. संग्रहासाठी म्हणूनच घडविलेल्या या रायफलींची संख्या लाखाच्या वर गेली, आणि घेणाऱ्यांनी त्या जपून ठेवल्या. जी वस्तू सर्वांनीच जपली, ती दुर्मिळ होणार कशी? वयाचेही तसेच. १८९१ साली रशियाने स्वीकारलेली मोसिन-नागां रायफल जुनी खरी. पण ती तीन कोटींहून अधिक निघाली.

तथापि केवळ उत्पादनाचा आकडा पाहूनही भागत नाही. सिंगरची पिस्तुले सैन्यात वापरली गेली. काही नष्ट झाली, काही हरवली. उरलेल्यांपैकी कित्येक दुरुस्तीसाठी शस्त्रागारात गेली. तेथे एकाची नळी दुसऱ्याला, एकाचा वरचा सरकता भाग तिसऱ्याला बसविला गेला, आणि मूळची निळसर झिलई जाऊन तिच्या जागी राखी लेप आला. सैनिकाच्या दृष्टीने हे योग्यच होते, कारण सुटे भाग परस्परांना बसावेत हेच तर या उत्पादनपद्धतीचे वैशिष्ट्य. परंतु त्यामुळे सर्व भाग, झिलई आणि तपासनिसाचा शिक्का मूळचेच असलेले पिस्तूल पाचशेंहूनही फार विरळ झाले. त्यात मागणी मोठी, म्हणून खोटे शिक्के उमटविण्याचा उद्योगही सुरू झाला. सामान्य पिस्तुलावर सिंगरचे नाव कोरणे अवघड नाही. अवघड आहे ते अनुक्रमांक, झिलई, शिक्का आणि हस्तांतराचे कागद या साऱ्यांची परस्परांशी संगती लावून दाखविणे.

मागणीचाही येथे विचार केला पाहिजे. कोणालाच नको असलेली वस्तू संख्येने कितीही थोडी असली तरी तिला भाव येत नाही. आणि भाव आला म्हणजे ती दुर्मिळ ठरली असेही नव्हे. किंमत ही लोकांच्या इच्छेची खूण आहे, दुर्मिळतेचा पुरावा नव्हे.

तेव्हा शस्त्र दुर्मिळ ठरते ते किती घडले, किती उरले, उरलेल्यांत किती मूळ रूपात आहेत आणि ते मूळ आहेत हे कशावरून, या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून. यांपैकी चौथा प्रश्न विक्रेता सहसा विचारीत नाही. तो विचारणे हे अभ्यासकाचे काम आहे. मग त्याच्यापुढे पिस्तूल असो, नाणे असो वा जुनी सनद असो.