प्याद्याची तक्रार

'क्लास' या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ. एक म्हणजे संध्याकाळी मुलं जातात आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला बापाचे पैसे जातात ती जागा. दुसरा सरकारी : क्लास वनपासून क्लास फोरपर्यंत. तिसरा अर्थ मला माझ्या भाच्याने शिकवला.

हा भाचा दर शनिवारी मित्रमंडळ जमवून आमच्या जेवणाच्या टेबलावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ मांडतो. मांडतो म्हणजे काय, पट नाही, पत्ते नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होऊन भुयारात उतरतात, राक्षस मारतात आणि सोनं वर आणतात. प्रत्येक माणूस कुठल्या तरी क्लासचा : लढवय्या, मांत्रिक, पाद्री किंवा चोर. आता राक्षसाशी लढायचं म्हणजे तिथं एकजूट हवी. पण निम्मा वेळ वाद चालतो तो कुठल्या क्लासवर अन्याय झाला याचा! ते कानावर पडलं आणि खेळ मला एकदम ओळखीचा वाटला. मी एकतीस वर्षं नोकरी केली आहे.

या भांडणाचं मूळ अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावी आहे. (मी तिथे पुस्तकातूनच जाऊन आलो. पेन्शनीत तेवढंच बसतं.) १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाचं नियमांचं पुस्तक काढलं. टेबलावर चिमुकले सैनिक मांडून मध्ययुगीन लढाया खेळायच्या, एवढाच त्याचा विषय. पण शेवटी ड्रॅगन, मांत्रिक वगैरेंची एक पुरवणी जोडलेली. तिच्यात मांत्रिकाचा अग्निगोल मोठ्या दगडफेक्या यंत्राइतका टापू व्यापायचा आणि त्याने सोडलेली वीज म्हणजे जड तोफेचा गोळा! म्हणजे मांत्रिक हा मुळी माणूस नव्हताच. ती दाढी लावलेली तोफ होती.

तोवर तक्रार कुणाचीच नव्हती. बुद्धिबळात प्यादं कधी वजिराचा हेवा करत नाही, कारण दोघांचा मालक एकच. मालकाला वजीर जोरदार असल्याचा आनंदच असतो. पण उद्या सोळा माणसं बसवून एकाला वजीर दिला, दोघांना घोडे दिले आणि तुम्हाला कडेचं प्यादं देऊन सांगितलं, 'हं, हा तुमचा जीव, सांभाळा', तर?

नेमकं हेच झालं. मिनेसोटात डेव्ह आर्नेसन 'ब्लॅकमूर' नावाचा खेळ चालवत असे, आणि त्यात एकेका खेळाडूकडे सैन्य नव्हे, एकेक माणूस असे. सांगतात की त्यातला एक खेळाडू रक्तपिपासू पिशाच्च झाला आणि कुणालाच आवरेना, म्हणून त्याच्यावर उतारा म्हणून पाद्री हा क्लास निघाला. कर्मचाऱ्याला आवरायला नवीन पोस्ट काढायची, ही युक्ती आमच्या ऑफिसपुरतीच नव्हती तर! गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या नावावर १९७४ साली खेळ छापून निघाला, पहिल्या खेपेला हजार प्रती. त्यात लढवय्या, मांत्रिक आणि पाद्री असे तीनच क्लास होते. चोर आला तो १९७५च्या पुरवणीतून.

तोफ आणि शिपाई आता शेजारी शेजारी बसले. दोघांना समाधानात ठेवायचं कसं? यावरचा जुना उपाय मला फार आवडतो. त्यांनी पगार सारखा केला नाही, बढतीची मुदत वेगळी ठेवली. आमची मंडळी १९८१च्या पुस्तकाप्रमाणे खेळतात. त्यात दुसऱ्या पायरीवर चढायला चोराला १२०० गुण लागतात, पाद्र्याला १५००, लढवय्याला २०००, मांत्रिकाला २५००. तलवारही चालवणारा आणि मंत्रही म्हणणारा जो एल्फ, त्याला ४०००! जितका जोर जास्त तितकी बढती उशिरा. हे आमच्या खात्यात लागू केलं असतं तर आमचे साहेब अजून टायपिस्ट असते.

शिवाय मांत्रिकाला उमेदवारीचे हाल. सुरुवातीला दिवसाला एक मंत्र, अंगात चिलखत नाही, हातात फार तर खंजीर. आमच्याकडचा मांत्रिक हा एक हडकुळा, सभ्य मुलगा आहे. पहिल्या शनिवारी त्याने आल्या आल्या मंत्र टाकून एक टोळी झोपवली, आणि मग रात्री नऊपर्यंत चिवडा खाल्ला. दुसरं काही करण्यासारखं त्याला नव्हतंच. पण पाचव्या पायरीवर त्याच्या हाती अग्निगोल येतो. मग चिवडा लढवय्या खातो.

म्हणजे हा न्याय उधारीचा : आज तू सोस, उद्या तुझं राज्य. पण तो उद्या उजाडायला दोन वर्षं शनिवार लागतात, आणि तेवढ्यात कुणाची बदली होते, कुणाचं लग्न. २००० साली नव्या मालकांनी तिसरी आवृत्ती काढताना सगळ्यांना गुणांचा तक्ता एकच केला. मांत्रिकाची उशिराची बढती गेली, अग्निगोल मात्र राहिला. लढवय्ये खवळले. २००८च्या चौथ्या आवृत्तीत मग सरळ समान वाटप : प्रत्येक क्लासला काही करामती केव्हाही करायच्या, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. झाली ना समता? तर आता ओरड झाली की सगळे क्लास मेसच्या भाज्यांसारखे लागतात, नाव तेवढं वेगळं! २०१४ साली पुन्हा प्रत्येकाला निराळी चव दिली, आणि बारीकसारीक मंत्र मांत्रिकाला हवे तितके म्हणू दिले. निदान चिवडा तरी वाचला.

माझी सहानुभूती चोराकडे आहे. भाचा चोर आहे म्हणून नव्हे. त्या १९८१च्या पुस्तकात नव्या चोराला कुलूप उघडण्याची संधी शंभरात १५! पाच हजार गुण साठवले की तो चौथ्या पायरीवर पोचतो आणि ती संधी ३० होते. तेवढ्याच पाच हजारांत मांत्रिक तिसरी पायरी गाठतो आणि तिथे त्याला एक मंत्र मिळू शकतो, जो म्हटला की कुलूप उघडतंच. फासाच टाकायला नको.

गेल्या शनिवारी तसं कुलूप निघालं.

"थांब, हे माझं काम आहे," भाचा म्हणाला.

"अरे पण माझं शंभर टक्के उघडतं," मांत्रिक म्हणाला. मुलगा सभ्य आहे, पण खरं तेच बोलला.

गोष्ट सांगणारी मुलगी समोरच्या ब्लॉकमधली, सीए करतेय. ती शांतपणे म्हणाली, "उघड ना. पण तो मंत्र तुझ्याकडे दिवसाला एकच आहे. पलीकडे अजून दोन दारं आहेत, ती उघडायला उद्या येणार का?"

मांत्रिकाने तोंड मिटलं. भाच्याने फासे फुंकले आणि टाकले. बासष्ट आले.

"आता?" लढवय्याने विचारलं.

"आता काय," मुलगी म्हणाली, "आवाज झालाय. आतून कुणीतरी कडी काढतंय."