दादरचा पूल आणि फातिमाबाई
लहानपणी अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या चाळीतून शेजारच्या खाला आठवड्यातून एकदा मुलाला कडेवर घेऊन निघत. दादरला पूल चढून गाडी बदलायची, महालक्ष्मीला उतरायचं. मला वाटे, दर्ग्यात मन्नत मागायला जातात. त्या जात हाजीअलीच्या मुलांच्या अस्थिरोग रुग्णालयात. मुलाचा पाय पोलिओनं लुळा पडला होता.

त्या रुग्णालयामागेही एक आईच आहे बघा. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला, उषाला, पोलिओ झाला. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्यांनी मद्रासच्या डॉ. एम. जी. किणींना गाठलं. उपचारांनी मुलगी सुधारू लागली. एखादी आई तेवढ्यावर थांबली असती. फातिमाबाईंनी १९४७ साली, फाळणीच्या त्या धुमाळीत, मुंबईत इतरांच्या मुलांसाठी दवाखाना काढला. १९५३मध्ये केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. १९५८ला बाईंना पद्मश्री मिळाली.

पोलिओत मेलेली मज्जापेशी परत येत नाही. पण शाबूत स्नायूंना बळ देता येतं, आणि सांधे रोज हलवले तर सहसा आखडत नाहीत. खाला दुपारी ओट्यावर बसून मुलाचा पाय मांडीवर घेत, हळूहळू वाकवत, ताणत. तो रडे. आम्ही पोरं पळून जात असू.

भारतात पोलिओच्या मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११मध्ये आढळला. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना मात्र हा रोजचा हात आजही लागतो.

खालांचा मुलगा पुढे पायाला कॅलिपर लावून दादरचा पूल स्वतः चढू लागला. खाला दोन पायऱ्या मागे असत.