उपेक्षित चित्रपटांचा समीक्षक

मोटारीत बसूनच पाहावयाच्या उघड्यावरील चित्रपटगृहांची प्रथा अमेरिकेत १९३३ मध्ये न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे सुरू झाली. पुढे तेथे दाखविल्या जाणाऱ्या स्वस्त भयपटांना प्रतिष्ठित समीक्षेने क्वचितच विचारार्ह मानले. १९८२ मध्ये डॅलसच्या ‘टाइम्स हेरल्ड’ या दैनिकात जॉन ब्लूम या पत्रकाराने जो बॉब ब्रिग्ज या रांगड्या टेक्सासवासीयाचे सोंग घेऊन त्यांच्यावर लिहावयास आरंभ केला. पडद्यावरील प्रेतांची मोजदाद करून तो परीक्षण संपवी. पण त्या थट्टेआड चित्रपटनिर्मितीचे साक्षेपी ज्ञान असे. आपली आवड हास्यास्पद असेल, परंतु तुच्छ नाही, हा दिलासा चाहत्यांना त्याच्याकडून मिळाला. तथापि सोंगाच्या स्वातंत्र्याची जबाबदारी सोंग घेणाऱ्यावरच राहते. १९८५ मध्ये आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी गायिलेल्या गीताचे त्याने विडंबन केले; ते वर्णद्वेषी ठरून निषेध झाला आणि दैनिकाने सदर बंद केले. पुढे दूरचित्रवाणीवर चित्रपट दाखविताना तो मध्येमध्ये त्यांचा इतिहास सांगू लागला. २०१८ मध्ये ‘शडर’ या इंटरनेट-वाहिनीवर तो परतला, तेव्हा प्रेक्षकांच्या गर्दीने तिची यंत्रणाच कोलमडली. उपेक्षितांची बाजू घेणाऱ्यालाही दुसऱ्या उपेक्षितांचा विसर पडू शकतो. हे जाणून टिकलेला आदरच समीक्षेच्या पदवीला पोचतो.