पित्याचीं गाणीं, कन्येचा कंठ

नॅट किंग कोल हा विख्यात अमेरिकन जॅझ-गायक १९६५ सालीं निवर्तला, तेव्हां त्याची कन्या नॅटली नुकतीच पंधरा वर्षांची झाली होती. पुढें १९७५ मध्यें ती स्वतः गायिका म्हणून नांवारूपास आली, पण ‘सोल’ ह्या निराळ्याच ढंगाचें गाणें घेऊन. पित्याचीं गाणीं तिनें दीर्घकाळ दूरच ठेवलीं. थोर गायकांच्या मुलांचा हा संकोच आपल्याकडील रसिकांस अपरिचित नाहीं. अखेर १९९१ मध्यें तिनें त्याच्या गाण्यांचा संग्रह मुद्रित केला. त्यांतील ‘अनफर्गेटेबल’ हें गीत तर तिनें पित्यासमवेतच गाइलें! १९६१ सालच्या मुद्रणांतील त्याचा आवाज घेऊन, कोठें त्याच्यामागून, कोठें त्याच्याबरोबर तिनें आपला सूर मिळविला. त्याची लय कांहीं तिच्यासाठीं थांबणार नव्हती. सांभाळून घेणें सारें कन्येकडेच होतें. १९९२ च्या ग्रॅमी पारितोषिकांत वर्षाचा सर्वोत्कृष्ट संग्रह ठरला तो हाच.