गावचा डॉक्टर आणि तांबडा विंचू

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, तह येतात, लढाया येतात. पनवेलकराला तर कर्नाळ्याचा सुळका दिसला की इतिहास दिसला असेच वाटते. पण गावाच्या इतिहासाचा एक मोठा भाग गावच्या डॉक्टरांच्या वहीत पडून राहिलेला असतो, आणि ती वही बहुधा डॉक्टरांबरोबरच नाहीशी होते. कोणत्या साली कोणत्या आळीत ताप शिरला, कोणत्या घरात मुले जगली आणि कोणत्या घरात जगली नाहीत, हे त्यांना जितके ठाऊक असते तितके तलाठ्यालाही नसते. आज मी त्या डॉक्टरांविषयी बोलणार आहे. आणि त्यासाठी आपल्याला पनवेलहून निघून महाडपर्यंत जावे लागणार आहे.

प्रारंभ मात्र पनवेलपासूनच करू. आपल्या गावात नगरपालिका आली १८५२ साली. खाडीला बंदर, बंदराला गलबते, घाटावर जाणाऱ्या गाड्यांचा रस्ता, असे हे नांदते गाव. मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले होते. परंतु तेथून शिकून बाहेर पडलेली मंडळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतला जो तो मुंबईत नाही तर सरकारी नोकरीत. गावाचा भार वैद्यांवर होता. १८७२ साली पनवेलीत कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वरचा औषधी कारखाना सुरू केला आणि पनवेलचे नाव काढ्या-आसवांच्या बाटल्यांवरून सगळीकडे गेले. आपल्या गावाला औषध ही वस्तू नवी नाही, एवढेच येथे सांगायचे.

पाश्चात्य पद्धतीचा डॉक्टर लहान गावात घरोघर पोहोचला तो पुढे. मुंबईत १९१२ साली कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही संस्था स्थापन झाली आणि एल. सी. पी. एस. ही अक्षरे गावोगावच्या पाट्यांवर दिसू लागली. त्या डॉक्टरांचे चित्र आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात अजून ताजे असेल. बाहेरच्या खोलीत बाके, आत डॉक्टर, आणि मधल्या पडद्याआड कंपाउंडर. रोग्याने घरून बाटली आणायची. कंपाउंडर ती विसळून मिक्स्चर भरणार, कागदाची पट्टी दुमडून कात्रीने तिला दाते पाडणार आणि खळीने ती बाटलीला चिकटवणार. एक दाता म्हणजे एक मात्रा. मिक्स्चर जितके कडू आणि जितके लाल, तितकी रोग्याची श्रद्धा अधिक. पैसे कोणी रोख देई, कोणी दिवाळीला, कोणी तांदूळ-नारळांच्या रूपाने, आणि कोणी कधीच नाही. घरातल्या सुनेचे बाळंतपण, सासऱ्यांचा दमा आणि धाकट्याचा गोवर एकाच माणसाने पाहिलेला असे. त्यामुळे जीभ पाहण्यापूर्वीच निम्मे निदान झालेले असे.

आता एक प्रश्न विचारतो. हा डॉक्टर म्हणजे निव्वळ वाटेकरी होता काय? ज्ञान लंडनला किंवा मुंबईला तयार व्हावे आणि गावच्या डॉक्टरांनी ते पुडीत बांधून वाटावे, असे सर्वसाधारण मत आहे. पुष्कळ डॉक्टरांचेही हेच मत असते. मला ते पटत नाही. देवीची लस शोधणारे एडवर्ड जेन्नर हे बर्कली नावाच्या खेड्यासारख्या गावातले डॉक्टर होते; १७९६ साली त्यांनी पहिला प्रयोग केला तो गवळणीच्या हातावरच्या फोडातील लशीने. हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता उलगडणारे जेम्स मॅकेंझी हे बर्नली या गिरणगावात पाव शतकाहून अधिक काळ साधी प्रॅक्टिस करत होते. यॉर्कशरच्या खोऱ्यात विल्यम पिकल्स यांनी खेड्यांतल्या साथी वहीत टिपल्या, कोण कोणाला कोणत्या दिवशी भेटले ते तपासले आणि त्यावरून काविळीसारख्या रोगाला अंगात मुरायला किती दिवस लागतात ते सांगितले. मोठ्या इस्पितळात हे जमत नाही. तेथे रोगी येतो तो रोगाच्या मधल्या किंवा शेवटच्या अंकात. पहिला अंक फक्त गावच्या डॉक्टरांनाच पाहायला मिळतो.

विलायतेची उदाहरणे सोडा. आपल्याच जिल्ह्यात हे घडले आहे.

पनवेलहून जो रस्ता गोव्याकडे निघतो त्यावर सुमारे सव्वाशे किलोमीटरवर महाड लागते. चवदार तळ्याचे महाड. त्या तालुक्यात बिरवाडी येथील सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रावर १९७६ साली एक तरुण डॉक्टर रुजू झाले. नाव हिंमतराव बावस्कर. जन्म १९५१ चा, जालना जिल्ह्यातील देहेड या गावचा, घरची गरिबी, शिक्षण नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात. मराठवाड्यातला हा माणूस कोकणात आला आणि येथे त्याची गाठ पडली तांबड्या विंचवाशी.

कोकणातल्या माणसाला विंचू नवा नाही. पेंढा ओढताना, सरपण काढताना, रात्री अनवाणी पडवीत उतरताना तो चावतो. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण त्याचा दंश बहुधा ठणकून थांबतो. तांबडा विंचू लहान, आणि तो माणसे मारतो, विशेषतः मुले. दंश झाला की मांत्रिकाकडे नेऊन विंचू उतरवायचा ही रीत. आता गंमत अशी की दहांपैकी बऱ्याच जणांचा विंचू आपोआपच उतरतो, त्यामुळे मांत्रिकाचा मान कायम राहतो. ज्याचा उतरत नाही त्याला मध्यरात्री बैलगाडीतून किंवा डोलीतून केंद्रावर आणायचे. आणि तोवर त्याच्या तोंडाला फेस आलेला असायचा.

डॉक्टरांच्या पुस्तकांतही फारसे काही नव्हते. १९६१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पी. एम. मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुफ्फुसात पाणी होते याची नोंद केली होती. पण करायचे काय? घाम येतो म्हणून अॅट्रोपिन, शांत झोपावा म्हणून झोपेची इंजेक्शने, कोणी स्टिरॉइड, कोणी डिजॉक्सिन. यातले काही निरुपयोगी, आणि अॅट्रोपिन तर आधीच बेफाम धावणाऱ्या हृदयाला आणखी चाबूक मारणारे. गंभीर दंशाचे शंभर रोगी आले तर तीस-चाळीस दगावत.

बावस्करांनी जे केले ते सांगायला अगदी सोपे आहे. ते रोग्याच्या खाटेशी बसले. रात्रभर बसले, आणि तासातासाला काय दिसते ते लिहीत गेले. किती वाजता चावला, उलटी केव्हा झाली, घाम केव्हा सुटला, हातपाय केव्हा गार पडले, रक्तदाब किती चढला आणि केव्हा कोसळला. एक-दोन नव्हे, अशा अनेक रात्री. त्यातून जे चित्र उभे राहिले ते कोणाच्या अपेक्षेतले नव्हते. जो रोगी दंशाच्या जागी हात धरून आरडाओरडा करतो तो बहुधा वाचणारा असतो. ज्याला वेदना फारशी नाही, पण जो ओकतो, घामाने निथळतो आणि ज्याचे तळहात बर्फासारखे होतात, त्याच्यावर लक्ष ठेवायचे. पुरुष रोग्यांत इंद्रियाला ताठरता येणे हेही एक धोक्याचे चिन्ह; घरची माणसे लाजेने ते सांगत नाहीत, डॉक्टरांनाच विचारावे लागते. ओळखीच्या डॉक्टरांनी विचारले तर उत्तर मिळते, हा भाग निराळा. ही पूर्वलक्षणे सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या लॅन्सेट या जगन्मान्य साप्ताहिकात छापून आला.

मध्यंतरी त्यांनी पुण्याला पदव्युत्तर शिक्षण घेतले. एम. डी. झालेल्या माणसाने शहरात पाटी लावावी ही जगरहाटी. ते महाडच्या बाजूलाच परत आले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला निर्णायक प्रसंग हाच, लॅन्सेट नव्हे.

आता विषाची करणी थोडक्यात पाहू. तांबड्या विंचवाचे विष मज्जातंतूंना डिवचते आणि शरीर स्वतःचेच अॅड्रिनलिनसारखे रस पुरासारखे रक्तात सोडते. त्याने सर्वांगाच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. सगळ्या तोट्या बंद करून पंप चालू ठेवला तर पंपाचे जे होईल तेच हृदयाचे होते. ते थकते, रक्त मागे तुंबते आणि फुफ्फुसात पाणी भरते. म्हणजे रोगी बाहेरच्या विषापेक्षा स्वतःच्याच वादळात बुडतो. मग तोट्या उघडणारे औषध द्यावे, हा विचार. आधी त्यांनी शिरेतून द्यावयाचे नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिले. ते गुणकारी, पण थेंबाथेंबावर पहारा हवा. नंतर प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीकडे ते वळले. स्वस्त गोळी, तोंडाने घ्यायची, खेड्यातल्या केंद्रावरही ठेवता येईल अशी. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी १९८६ साली लॅन्सेटमध्येच हे प्रसिद्ध केले. जेथे शंभरांत तीस-चाळीस जात तेथे ही संख्या एकाच्या आसपास आली.

याहून पुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. परळच्या हाफकिनमध्ये विंचवाच्या विषावर उतारा म्हणून लस तयार होऊ लागली, तेव्हा "माझ्या गोळीने काम होते आहे, लस कशाला?" असे ते म्हणू शकले असते. स्वतःच्या नावावर असलेल्या उपचाराविषयी माणसाला ममत्व असते; शास्त्रज्ञांनाही असते, मातेला मुलाचे असते तसे. त्यांनी महाडच्या आपल्या लहान रुग्णालयात सत्तर रोगी घेतले. पस्तिसांना नुसते प्राझोसिन, पस्तिसांना प्राझोसिन आणि लस. कोणाला काय मिळायचे ते आपल्या मर्जीवर ठेवले नाही. दहा तासांनी पाहता पहिल्या गटातले आठ पूर्ण बरे झालेले, दुसऱ्या गटातले बत्तीस. २०११ साली हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. एकट्या गोळीपेक्षा जोडी सरस, हा निकाल गोळीचा पुरस्कार करणाऱ्यानेच जाहीर केला.

पैशाचाही विषय आहे, तो टाळून चालणार नाही. फॅमिली डॉक्टरांवरचा विश्वास आज ढळतो आहे तो बहुतेक याच ठिकाणी. २०१३ साली एका तपासणी केंद्राने रोगी पाठवल्याबद्दल बाराशे रुपयांचा धनादेश बावस्करांकडे धाडला. हा व्यवहार किती ठिकाणी गुपचूप होतो ते श्रोत्यांत बसलेले डॉक्टर जाणतात. यांनी तो गुपचूप परतही केला नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. आपल्या व्यवसायबंधूंत लोकप्रिय होण्याचा हा मार्ग नव्हे. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली ती विंचवासाठी. मला विचाराल तर थोडी या धनादेशासाठीही द्यायला हवी होती.

आता पनवेलला परत येऊ. २०१६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. मोठी इस्पितळे आली, हृदयाचा निराळा, मूत्रपिंडाचा निराळा, हाडांचा निराळा असे डॉक्टर आले. हे चांगलेच झाले. हृदयविकाराच्या रोग्याला मुंबईच्या वाटेवर प्राण सोडावा लागू नये. परंतु या प्रत्येकाकडे रोगी जातो तो चिठ्ठी घेऊन, ठरलेल्या वेळी, आणि त्याच्या घरचे कोणी त्या डॉक्टरांच्या ओळखीचे नसते. सासऱ्यांचा दमा आणि धाकट्याचा गोवर आता दोन वेगळ्या फायलींत, दोन वेगळ्या इमारतींत असतात. त्या दोन्ही एकत्र वाचणारा माणूस कोणी राहिला आहे काय, हे आपण प्रत्येकाने घरी जाऊन मोजावे. माझ्या परिचयाच्या कित्येक घरांत असा डॉक्टर आता नाही. शेवटचा निवृत्त झाला तेव्हा दवाखान्याच्या जागेत दुसरेच दुकान आले.

आणि विंचू काही गेलेला नाही. प्रबळगडाच्या आणि माथेरानच्या पायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्यांत पेंढा आहे, सरपण आहे, अनवाणी मुले आहेत. तेथून रात्री मूल आले, त्याचे हात गार असले आणि ते रडत नसले, तर दारात उभ्या असलेल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न कोणता विचारायचा तेही बिरवाडीच्या त्या वहीतूनच आले आहे: किती वाजता चावला?