शंभर रुपयांचे घर

घर बांधण्याआधी मनुष्य दोन गोष्टी करतो. कागदावर चौकोन काढतो आणि बायकोशी भांडतो. मी बँकेतला कारकून, म्हणून चौकोन फूटपट्टीने काढला. भांडणाला पट्टी लागली नाही.

बोळिंजला आमच्या घरामागे थोडी वाडी आहे. केळी, दोन नारळ, एक पडका गोठा आणि एक बावखल. आबांना हल्ली जिना चढवत नाही, तेव्हा परसात त्यांच्यापुरती एक खोली बांधायचे ठरले. बावखल बुजवायचे, वर स्लॅबची खोली ठोकायची, हा माझा आराखडा. कंत्राटदाराने सांगितलेला आकडा मी दोनदा वाचला. एवढे आकडे आमच्या बँकेत फक्त कर्जबुडव्यांच्या यादीत असतात.

आबा म्हणाले, "बावखल बुजवलंस तर मी आपला वरच बरा. पावसाचं पाणी जाणार कुठं? जिना चढून माझ्याकडेच येईल ना?"

आबा रुसले, बांधकाम अडले. तशात एलटीसी संपवायची म्हणून आम्ही वर्ध्याला गेलो. आराखडा खिशात होताच. तो घेऊनच मी सेवाग्रामच्या बापूकुटीसमोर उभा राहिलो.

गांधीजी 1936 च्या एप्रिलअखेरीस इथे आले. गावाचे नाव तेव्हा शेगाव. सेवाग्राम हे नाव 1940 सालचे. येण्याआधी त्यांनी जमनालाल बजाजांना पत्राने बजावले होते, की झोपडीचा खर्च कोणत्याही परिस्थितीत 100 रुपयांवर जाता कामा नये. आता बजाज म्हणजे मोठे उद्योगपती. पैसे देणारा एवढा भक्कम असताना एस्टिमेट कमी करा म्हणणारे गिऱ्हाईक मी तरी कर्जखात्यात पाहिलेले नाही.

पहिले घर आदिनिवास. तिथे माणसांची दाटी झाली. मग गांधीजी ज्या झोपडीत गेले, ती मुळात मीराबेननी बांधलेली. मीराबेन म्हणजे मॅडलिन स्लेड, इंग्रज ॲडमिरलची लेक. 1925 साली हिंदुस्थानात आली. माती, बांबू, लाकूड आणि कौले एवढेच सामान. पण काटकसर म्हणून बाईंनी हौस सोडली नाही. मातीच्या भिंतीवर मातीचीच उठावदार झाडे काढली. रंगाचा खर्च नाही, आणि घर मात्र दुसऱ्या कोणाचे वाटायचे नाही! आत साप धरायचा चिमटाही ठेवला आहे. धरलेला साप लांब नेऊन सोडायचा. कारण जागा आधी त्याची.

इथे मला आमचे बावखल आठवले.

केरळात स्वस्त, सुंदर घरे बांधणारे लॉरी बेकर सांगत, की घराचे सामान पाच मैलांच्या आतले असावे, असे गांधीजी त्यांना म्हणाले होते. मी घरी येऊन पाहिले, तर पाच मैल कशाला, पन्नास पावलांत गोठ्याची कौले, सागवानी वासे आणि चांगले दगडी जोते होते. आमच्या पावसात मातीच्या भिंतीला वर छत्री आणि खाली गमबूट लागतात. म्हणजे पाखे रुंद आणि जोते उंच. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याला रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले, तेव्हा आमचे बावखल काठोकाठ भरले होते. गोठ्याचे जोते मात्र कोरडे होते. हे मी डोळ्यांनी पाहिले होते, आणि तरी बुजवायला निघालो होतो!

शेवटी खोली गोठ्याच्या जोत्यावर झाली. आबांनी दोनच गोष्टी मागितल्या. ट्रान्झिस्टरला कोनाडा, आणि बसल्या जागेवरून बावखल दिसेल अशी खिडकी. खर्च 100 रुपयांच्या वर गेला. किती वर, ते इथे लिहीत नाही. माझे लेख ही वाचते.

परवा पहिला पाऊस झाला. रात्री बेडकांनी झोपू दिले नाही. सकाळी मी तक्रार केली, तर आबा म्हणाले, "त्यांची जागा आहे. आपण परवा आलो."